पुराचा आकडा मोबाईलवर येतो, पण आपल्या दारापर्यंत कसा आणायचा?

पावसाळ्यात कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: 'राजाराम बंधारा 39 फूट 8 इंच.' आजच्या भागात हा आकडा नीट वाचायला शिकूया.

पहिली गोष्ट, 39 फूट म्हणजे शहरात 39 फूट पाणी नव्हे. बंधाऱ्यावर मोजपट्टी असते, तिच्या शून्यापासून मोजलेली ही उंची आहे. पंचगंगेसाठी तिथे इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ मोजतात, तिथे हेच आकडे 40 आणि 45. म्हणजे 42 फूट ही बातमी कोल्हापुरात वेगळी आणि सांगलीत वेगळी. 2019 च्या महापुरात कोल्हापुरात पाणी 55 फुटांच्या वर गेलं, सांगलीत 57 च्या वर. दोन्हीकडे धोका पातळीपेक्षा साधारण 12 फूट जास्त!

दुसरा शब्द, विसर्ग. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक उंचीला पोचलं की ते आपोआप उघडतात. एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर, म्हणजे एका दरवाजातून सेकंदाला जवळपास 40 हजार लिटर. हे पाणी भोगावतीतून पंचगंगेत यायला काही तास लागतात. तेवढाच वेळ आपल्या हातात असतो.

मग ॲप नाहीत का? आहेत की. केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच इंडिया' ऑगस्ट 2023 मध्ये आलं, मोफत आहे. पण आयोग पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये सांगतो आणि आपल्याकडे बोलणं फुटांत चालतं. शिवाय सुरुवातीला ते इंग्रजी-हिंदीतच होतं. आता नदीकाठच्या आजीला पाचशे-काही मीटर म्हणजे काय कळणार? डेटा पोचला, अर्थ वाटेतच राहिला.

हा अर्थ लावणारी माहिती गावातच असते. कुठल्या फुटाला कुठल्या गल्लीत पाणी शिरतं, कोणता रस्ता आधी बंद होतो, हे जुन्या माणसांना पाठ असतं. भिंतींवर मागच्या पुराच्या खुणा असतात. हे सगळं एका साध्या गुगल शीटमध्ये लिहा. रकाने तीनच: फूट, ठिकाण, काय करायचं. जनावरं कधी हलवायची, गोठा कधी रिकामा करायचा, हेही त्यात येऊ द्या. पूर येण्याआधी, मे महिन्यातच बसा.

आता हिशोब बघा. समजा सकाळी 8 वाजता पातळी 39 फूट 2 इंच होती, 10 वाजता 39 फूट 8 इंच झाली. म्हणजे तासाला 3 इंच चढ. तुमच्या गल्लीत 42 फुटांना पाणी येतं असं धरू. अजून 28 इंच बाकी, म्हणजे अंदाजे 9 तास. वरून दरवाजे उघडले तर वेळ कमी होईल, म्हणून दर दोन तासांनी नवा आकडा घेऊन परत मोजायचं. आणि प्रशासनाने बाहेर पडा सांगितलं तर हिशोब करत बसू नका, निघायचं.

शेवटचं, मेसेज पुढे पाठवताना चार गोष्टी हव्यातच: ठिकाण, पातळी, मोजल्याची तारीख-वेळ, आणि पाणी चढतंय की उतरतंय. वेळ नसलेला मेसेज फिरत फिरत दुसऱ्या दिवशी येतो. उतरलेल्या पाण्याने लोक घाबरतात, किंवा त्याहून वाईट, चढलेलं असताना निवांत झोपतात.

तर तुमच्या गल्लीचा आकडा किती फूट? माहीत नसेल तर आज घरातल्या मोठ्यांना विचारा आणि ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!