ऑर्लेआँची जोन, झाशीची राणी आणि परळ

युद्ध सुरू झाले की राष्ट्रांना नव्या शस्त्रांइतकीच जुन्या वीरांगनांचीही आठवण होते. फ्रान्समध्ये हा मान जोन ऑफ आर्कचा. दोंरेमी गावच्या या शेतकरीकन्येने १४२९ मध्ये ऑर्लेआँचा वेढा उठवण्यात पुढाकार घेतला. ३० मे १४३१ रोजी रुआँ येथे तिला जिवंत जाळण्यात आले. २५ वर्षांनी तो निकाल रद्द झाला. संतपद मात्र मिळाले ते १९२० मध्ये, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या रणधुमाळीनंतर! दुसऱ्या महायुद्धात तर तिच्या वारशाची वाटणीच झाली. जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या विशी सरकारला ती इंग्रजांची वैरीण म्हणून प्रिय होती. लंडनहून लढणाऱ्या द गॉल यांच्या अनुयायांना ती परकीयांना हुसकावणारी म्हणून. तिच्या नावाशी जोडला गेलेला लॉरेनचा क्रूस त्यांनी आपल्या चिन्हावर घेतला.

राणी लक्ष्मीबाईंना ‘भारताची जोन’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे. साम्य वरवरचे नाही. पण भेदही लक्षात घ्यावा. जोनपुढे प्रारंभापासून रणांगणच होते. राणींनी १८५४ मध्ये संस्थान खालसा झाल्यावर प्रथम अर्ज-विनंत्यांचा मार्ग धरला, वकील नेमला. जून १८५७ च्या उठावानंतरही त्यांचा कंपनी सरकारशी पत्रव्यवहार चालू होता. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याने झाशीला वेढा घातला, तेव्हा सारे पर्याय संपले होते. पुढे जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ त्या धारातीर्थी पडल्या.

त्या वेढ्याच्या काळात वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीतच होते. दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेलेला हा गरीब भिक्षुक. त्यांचे ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्य यांनी प्रसिद्ध केले. त्यात राणींचा व्यायाम, घोडेस्वारी आणि दिनक्रम येतो. शहर पडल्यावरची कत्तल आणि लूटही येते. शौर्याची किंमत नगराने काय मोजली, हे सांगणारा असा साक्षीदार जोनच्या नशिबी क्वचितच आला असेल.

१९४३ मध्ये सिंगापुरात नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेत महिलांचे पथक उभारले आणि त्याला ‘झाशीची राणी’ हे नाव दिले. नेतृत्व डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन यांच्याकडे होते. यातील अनेक मुली मलायातील रबराच्या मळ्यांवरच्या तमिळ कुटुंबांतल्या. हिंदुस्थानची भूमी त्यांनी पाहिलेली नव्हती, बुंदेलखंड तर दूरच. नाव मात्र त्यांना आपले वाटले. प्रत्यक्ष आघाडीवर लढण्याची संधी त्यांना मिळाली नाही आणि १९४५ मध्ये रंगूनहून माघार घ्यावी लागली.

या कथेचा धागा मुंबईशी येऊन मिळतो तो १९४६ मध्ये. १८ फेब्रुवारीला ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर खलाशांनी संप पुकारला. त्यांच्या मागण्यांत आझाद हिंद सेनेच्या बंदिवानांची सुटका हीही एक होती. २२ फेब्रुवारीला खलाशांच्या पाठिंब्यासाठी परळ-लालबागच्या गिरण्या बंद पडल्या, रस्ते माणसांनी भरले, गोळीबार झाला. त्या दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक जीव गेले. परळ महिला संघाच्या कमल दोंदे त्यातल्याच एक. परळमध्येच त्यांना गोळी लागली.

राणींचे नाव शीवच्या चौकाला आहे, बेस्टच्या पाट्यांवर ते रोज हजारो मुंबईकर वाचतात. १९५३ मध्ये सोहराब मोदींनी त्यांच्यावर रंगीत चित्रपटही काढला. कमलताईंच्या वाट्याला आली ती गिरणगावातील जुन्या कार्यकर्त्यांची आठवण. जोनलाही संतपदासाठी पाचशे वर्षे थांबावे लागले होते. फरक इतकाच, की तिच्यासाठी दरम्यान खटल्याची दफ्तरे तरी जपली गेली होती.