खुर्द्याची मोजदाद

पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ कळली, ती सावकारी पत्रातून. दोन मोती गळाले, मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे पोरालाही ठाऊक आहे. मोहरा म्हणजे सरदार. खुर्द्याचे, म्हणजे साध्या माणसांचे, पुढे काय झाले, हे मात्र मराठी कवितेने फारसे विचारले नाही.

त्या कवितेचा एक धागा मात्र सौंसर-पांढुर्ण्याच्या टापूत येतो. आजचे सौंसर-पांढुर्णा तेव्हा देवगडच्या मुलखात, म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. भोसल्यांची फौज पानिपतावर लढलीच नाही. जानोजी भोसले पेशव्यांसोबत उत्तरेकडे निघाले होते, पण पोहोचण्याआधीच सगळे आटोपले. तरीही पानिपतावरची मराठीतली सर्वात गाजलेली कविता ज्याची, त्या कवीने शेवटचा श्वास घेतला तो याच टापूत. नागपूरहून छिंदवाड्याला जाताना सौंसरच्या अलीकडे सावनेर लागते. 'पानिपतचा फटका' लिहिणारे गोविंदाग्रज, म्हणजे राम गणेश गडकरी, २३ जानेवारी १९१९ रोजी तिथे भावाच्या घरी वारले. वय अवघे तेहतीस. पांढुर्ण्याचे नाव बाहेर निघते ते गोटमारीपुरते. शेजारच्या सावनेरची आठवण सहसा कुणी काढत नाही.

फटका पाठ करणाऱ्यांना त्याचा ठेका सोडत नाही. कौरव-पांडवांच्या युद्धाशी तुलना करून कवी रणधुमाळीकडे झेपावतो. गडकऱ्यांच्या शब्दांना वेग आहे, वीररस आहे, शोकही आहे. भूक मात्र त्यांच्यामागे पडते. आणि पानिपत हे आधी भुकेचे युद्ध होते.

ती भूक सापडते एका फारशा न वाचल्या जाणाऱ्या माणसाकडे. काशीराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण नोकरीला होता शुजाउद्दौल्याकडे, म्हणजे अब्दालीच्या गोटात. भाऊसाहेबांची तहाची बोलणी त्याच्यामार्फत चालत. १७८० मध्ये त्याने फारसीत आपला वृत्तांत लिहिला. पुढे जेम्स ब्राउनने तो इंग्रजीत आणला. भाऊसाहेबांच्या छावणीतले बाजारबुणगे रात्री चारा-लाकडे आणायला बाहेर पडले आणि अब्दालीकडच्या शाह पसंदखानाच्या घोडेस्वारांनी त्यांना घेरून कापले, असे तो सांगतो. आकडा देतो वीस हजारांचा. फुगवलेला असेल, पण या माणसांसाठी आकडा लिहावासा वाटला, तोही शत्रूच्या कारकुनाला, हे विसरता येत नाही.

१३ जानेवारीच्या रात्री सरदार आणि शिपाई भाऊसाहेबांच्या तंबूपाशी आले. दोन दिवस पोटात काही नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, अशी त्यांची मागणी होती. विडे उचलले गेले, उरलेसुरले धान्य वाटून सैन्याला एक पोटभर जेवण दिले गेले. पहाटे माणसे निघाली ती हाता-तोंडाला हळद माखून. त्याच रात्री भाऊसाहेबांची अखेरची चिठ्ठी काशीराजाला आली: काही करता येत असेल तर आता करा. तो ती शुजाला सांगत असतानाच हेर आले की मराठे बाहेर पडले. लढाईनंतर विश्वासराव आणि भाऊसाहेबांची प्रेते ओळखून त्यांच्या अंत्यसंस्काराची खटपट करणाऱ्यांतही हाच काशीराज होता. भाटाने लिहावे ते सगळे कारकुनाने लिहून ठेवले आहे, आणि कोरडे लिहिले म्हणूनच ते अंगावर येते.

युरोपात हा कोरडेपणा पहिल्या महायुद्धात कवितेत उतरला तो कवीच खंदकात गेल्यामुळे. इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी आघाडीवर मारला गेला, गडकऱ्यांच्या आधी तीन महिन्यांच्या आत. आपल्याकडे लिहिणारे एकीकडे, लढणारे दुसरीकडे.

लढणारे कमी नव्हते. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत मेसोपोटेमियात कूटचा वेढा चालला. त्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. पुन्हा वेढा, पुन्हा उपासमार. घोड्याचे मांस खाणे अनेक हिंदी शिपायांनी दीर्घकाळ नाकारले. शरण आले सुमारे तेरा हजार, त्यांतले बहुतेक हिंदी, आणि कैदेत कित्येक मेले. त्याच १९१६ साली गडकऱ्यांचा 'पुण्यप्रभाव' रंगभूमीवर आला. त्यांना कूट ठाऊक नसेल असे नाही, वर्तमानपत्रे होतीच. पण फटक्याचा ठेका दीडशे वर्षांपूर्वीच्या सेनापतीला जसा पेलला, तसा बुटांतून बोटे बाहेर आलेल्या समकालीन शिपायाला पेलला असता का, याची शंका वाटते. त्याला ओवीच बरी पडली असती, घरच्या जात्यावरची.