तीन पायऱ्या आणि एक टेप
(लेखमाला : हात, घर, गाव – लेखांक 7)

पक्षाघातातून सावरलेल्या माणसाला घरात वावरता यावं म्हणून न्हाणीघरात आणि ओट्यापाशी काय बदलायचं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. एवढं जमलं की व्यवसायोपचाराच्या विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये ‘रुग्ण स्वावलंबी’ अशी नोंद पडते. मग तो स्वावलंबी रुग्ण व्हीलचेअरवरून ग्रामपंचायतीत जातो आणि तीन पायऱ्यांपाशी अडतो. या पायऱ्यांचं काही करणं हे विद्यार्थ्याचं काम आहे का?

माझ्या मते आहे. हात कुठवर पोचतो, तोल कधी जातो, दम कुठे लागतो, अशी एकेक कृती सुटी करून पाहायला त्याला चार वर्षं शिकवलेलं असतं. हीच नजर इमारतीवर वळवायची. 15 सेंटीमीटरची एक, अशा तीन पायऱ्या म्हणजे 45 सेंटीमीटर उंची. केंद्र सरकारची 2021 ची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं एवढ्या उंचीच्या रॅम्पला 1:12 पेक्षा तीव्र उतार चालवून घेत नाहीत. म्हणजे रॅम्प हवा 5 मीटर 40 सेंटीमीटर लांब. प्रत्यक्षात पायऱ्यांच्या कडेला सिमेंट ओतून दीड मीटरची घसरगुंडी केलेली असते. तिच्यावरून मोटारसायकल झोकात चढते, व्हीलचेअर मात्र मागे घसरते. कागदोपत्री ‘रॅम्प आहे’ हे खरंच असतं!

27 ऑक्टोबरच्या जागतिक व्यवसायोपचार दिनाला फेरी निघते, पथनाट्य होतं, बॅनरमागे फोटो निघतात. त्यात वाईट काही नाही. पण ग्रामपंचायत अधिकाऱ्याला फेरी विसरता येते, मापं लिहिलेला आणि पोच घेतलेला अर्ज इतका सहज विसरता येत नाही. शिवाय अर्जाला आधार आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशींसारखे ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सांगितलं. पैशांची सबबही पूर्ण खरी नसते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठे गेला, हे ग्रामसभेत विचारता येतं. तिथे उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहेच.

मात्र विचारायचं कुणी? उत्साही विद्यार्थी इथे हमखास घाई करतो. रॅम्प हवा हे तो स्वतःच ठरवून टाकतो. व्हीलचेअर वापरणाऱ्या बाईला विचारलं तर ती कदाचित आधी संडासाचं बोलेल. घराबाहेर वापरण्याजोगा संडास नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. तिथे दार 90 सेंटीमीटरचं आहे का, ते बाहेर उघडतं का, आत खुर्ची वळवायला दीड मीटर जागा आहे का, ही मापं रॅम्पच्या आधी घ्यावी लागतील. आणि ग्रामसभेत उभं राहून बोलायचं तिनेच. विद्यार्थ्याने शेजारी कागद घेऊन बसावं.

व्यवसायोपचार करणाऱ्याने असं पटवत बसणं हा काही नवा उपद्व्याप नव्हे. अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाई निंबकरांनी 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली, तेव्हा हा पेशा इथे कुणाला ठाऊक नव्हता. त्याची गरज पटवून देण्यापासूनच त्यांना सुरुवात करावी लागली.

एक अडचण राहतेच. इंटर्नशिपचे सहा महिने संपले की विद्यार्थी निघून जातो आणि त्याच्याबरोबर प्रकरणही थंड होतं. म्हणून अर्ज महाविद्यालयाच्या लेटरहेडवर न करता त्या बाईच्या सहीने करावा, आवक क्रमांक तिच्या वहीत लिहावा, मापांची एक प्रत तिच्याकडे आणि दुसरी पुढच्या तुकडीकडे द्यावी. पंचायत हलली नाही तर दाद मागायला पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. तिथल्या अर्जाला जोडायला हेच कागद लागतात.

(पुढील लेखांकात : शाळेचा बाक)