जहाजावर उंच काठ्या कशाला?

नांदेडचे एफएम लातूरकडे जाताना खरखरू लागते. मीडियम वेव्हवर मात्र रात्री दूरदूरची केंद्रे लागतात. एफएमच्या लहरी सरळ जातात, पृथ्वीच्या गोलाईपाशी हुकतात. मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्ह वातावरणाच्या विद्युतभारित थरावरून कॅरमच्या सोंगटीसारख्या उलटून परततात. भर समुद्रात युद्धनौकांना इंधन देणाऱ्या, 2011 मध्ये नौदलात आलेल्या ‘आयएनएस दीपक’सारख्या जहाजांना शॉर्टवेव्हच कामाची. 7 मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे 43 मीटरची. अँटेना साधारण तिच्या चौथ्या हिश्श्याएवढा, म्हणून उंच काठ्या. 2013 पासून नौदलासाठी जीसॅट-7 उपग्रह आहे, मग हे जुने खूळ कशाला? कारण उपग्रह हा मध्यस्थ. तो गप्प झाला की संवाद तुटतो. शॉर्टवेव्हचाही लहरीपणा आहेच, दिवसा-रात्री वारंवारता बदलावी लागते. इंधनाचा पाइप जोडलेला असताना मात्र हे शक्तिशाली ट्रान्समीटर सहसा बंद ठेवतात, कारण आसपासच्या धातूत वीज उतरून ठिणगी पडू शकते. तेव्हा दोन जहाजे बोलतात ती मधे ताणलेल्या टेलिफोनच्या तारेवरून.