नव्वद दिवसांचा नेम

महाराष्ट्रात रक्तदानाच्या उत्साहाला तोटा नाही. शिवजयंती, डॉ. आंबेडकर जयंती, गणेशोत्सव, पुढाऱ्याचा वाढदिवस, मंडळाचा वर्धापनदिन अशा निमित्तांनी गावोगाव शिबिरे भरतात, तरुणांच्या रांगा लागतात आणि एका दिवसात एखाद्या रक्तपेढीकडे तिच्या कित्येक दिवसांच्या गरजेपेक्षा अधिक रक्त जमा होते. तरीही मे महिन्यात, महाविद्यालये बंद असताना, कुटुंबे गावी गेलेली असताना आणि शिबिरे रोडावलेली असताना, रुग्णांच्या नातेवाइकांवर एका पिशवीसाठी वणवण करण्याची पाळी येते. हा तुटवडा आणखी मोठी शिबिरे भरवून मिटणारा नाही. तो मिटवू शकतो नेमाने येणारा रक्तदाता, आणि त्याचे कारण रक्ताच्या टिकाऊपणात आहे.

दात्याकडून एका वेळी 350 किंवा 450 मिलिलिटर रक्त अशा पिशवीत घेतले जाते, जिच्यात रक्त गोठू न देणारे व पेशी तगवणारे द्रावण आधीच भरलेले असते. त्यानंतर पिशवी वेगाने फिरणाऱ्या यंत्रात ठेवून रक्ताचे घटक वेगळे करता येतात. प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी 2 ते 6 अंश सेल्सिअस तापमानात, द्रावणाच्या प्रकारानुसार, 35 किंवा 42 दिवस टिकतात. पेशी काढून घेतल्यावर उरणारा पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा, गोठवून ठेवल्यास वर्षभर वापरता येतो. परंतु रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट या सूक्ष्म पेशी 20 ते 24 अंशांत सतत हलत्या ठेवूनही सर्वसाधारणपणे 5 दिवसांपलीकडे वापरता येत नाहीत. याचा अर्थ, 19 फेब्रुवारीच्या शिवजयंतीला घेतलेल्या रक्तातील प्लेटलेट महिनाअखेरीपूर्वीच मुदतबाह्य होतात आणि तांबड्या पेशी फार तर एप्रिलच्या आरंभापर्यंत पुरतात. फेब्रुवारीतील विपुलता मे महिन्यासाठी राखून ठेवण्याची सोय विज्ञानाने अद्याप नित्याच्या वापरात आणलेली नाही. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढतात तेव्हा प्लेटलेटची मागणी चढते, आणि दिवाळीच्या सुट्टीत दाते पुन्हा पांगतात.

अपघात आणि प्रसूतीतील रक्तस्राव यांची चर्चा होते, कारण ते प्रसंग डोळ्यांपुढे घडतात; पण ज्यांचे जगणेच इतरांच्या रक्तावर चालते अशा रुग्णांचा विचार समाजात फारच कमी होतो. थॅलेसेमिया मेजर या आनुवंशिक आजारात शरीराला पुरेसे हिमोग्लोबिन, म्हणजे तांबड्या पेशींतील प्राणवायू धरून ठेवणारे लोहयुक्त प्रथिन, तयार करता येत नाही, त्यामुळे अशा बालकाला बहुधा पहिल्या दोन वर्षांच्या आतच रक्त देणे सुरू करावे लागते आणि पुढे दर 2 ते 4 आठवड्यांनी ते देत राहावे लागते. दर तीन आठवड्यांनी एकच पिशवी धरली तरी वर्षाला 17 पिशव्या होतात; एक पुरुष दाता वर्षातून साधारण चार वेळाच रक्त देऊ शकतो; म्हणजे एका बालकाच्या पाठीशी किमान पाच नेमाचे दाते हवेत, आणि वय व वजन वाढते तशी ही संख्याही वाढते. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात आढळणाऱ्या सिकलसेल आजाराच्या काही रुग्णांनाही वारंवार रक्त लागते.

अशा रुग्णांबाबत आणखी एक अडचण उद्भवते. ए, बी, एबी, ओ हे गट आणि आरएच घटक जुळला की रक्त जुळले असे सामान्यतः मानले जाते. प्रत्यक्षात तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर केल, डफी, किड अशा इतरही अनेक प्रणालींची प्रतिजने, म्हणजे शरीराला आपले-परके ओळखण्यास उपयोगी पडणाऱ्या खुणा असतात, आणि वेगवेगळ्या व्यक्तींचे रक्त पुनःपुन्हा मिळालेल्या रुग्णाच्या शरीरात त्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. मग त्याला जुळणारे रक्त शोधणे उत्तरोत्तर कठीण होत जाते. ज्याच्या पेशींवरील या खुणा एकदा तपासून नोंदवून ठेवल्या आहेत आणि जो बोलावल्यावर येतो, असा दाता तेव्हा रुग्णाच्या दृष्टीने अमूल्य असतो. या गरजेचे टोकाचे उदाहरण मुंबईनेच जगाला दाखवले: डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये ‘बॉम्बे रक्तगटा’चा शोध प्रसिद्ध केला. या गटाच्या पेशींवर एच हे मूळ प्रतिजनच नसते, त्यामुळे प्राथमिक चाचणीत तो ओ गटासारखा भासतो, परंतु ओ गटाचे रक्तही त्या व्यक्तीला घातक ठरते आणि तिला केवळ त्याच गटाचे रक्त चालते.

सुरक्षिततेचा प्रश्नही याच नेमाशी जोडलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 4 जानेवारी 1996 रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर दिलेल्या निकालामुळे पैसे घेऊन रक्त विकण्याची पद्धत 1 जानेवारी 1998 पासून बंद झाली. त्यानंतरही ‘बदली’ रक्ताची प्रथा अनेक ठिकाणी टिकून राहिली, म्हणजे रुग्णाला रक्त देताना त्याच्या नातेवाइकांकडून तितके रक्त मागायचे. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. पण संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसू लागेपर्यंत काही काळ जातो आणि या काळात चाचणीचा निष्कर्ष निर्दोष येऊ शकतो. घाईत, दडपणाखाली आणलेला नातेवाईक आपल्या आजाराची वा वर्तनाची माहिती दडवण्याचा संभव अधिक असतो. कोणतेही दडपण नसलेला आणि वर्षानुवर्षे तपासला गेलेला स्वेच्छा दाता यामुळेच सर्वांत सुरक्षित मानला जातो.

नेम म्हणजे अतिरेक नव्हे, हेही येथे ठामपणे सांगितले पाहिजे. भारतातील नियमांनुसार दात्याचे वय 18 ते 65 वर्षे, वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन किमान 12.5 ग्रॅम प्रति डेसिलिटर असावे लागते, आणि दोन रक्तदानांत पुरुषांनी 90 तर स्त्रियांनी 120 दिवसांचे अंतर ठेवावे लागते. दिलेल्या रक्तातील द्रवाचा भाग एकदोन दिवसांत भरून निघतो, तांबड्या पेशी काही आठवड्यांत तयार होतात, परंतु 450 मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते आणि रोजच्या आहारातून शरीरात शोषले जाणारे लोह सामान्यतः 1 ते 2 मिलिग्रॅम इतकेच असते; हा हिशेब पाहिला की अंतराच्या नियमाचे मर्म कळते. नेमाच्या दात्याने म्हणून डाळी, कडधान्ये, पालेभाज्या, हळीव, बाजरी यांना आहारात स्थान द्यावे, सोबत लिंबू वा आवळा घ्यावा आणि जेवणाला लागून चहा टाळावा, कारण चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. स्त्री दात्यांची संख्या कमी दिसते त्यामागे अनुत्साहापेक्षा हे वास्तव अधिक आहे. हिमोग्लोबिन कमी भरले म्हणून परत पाठवलेल्या दात्याने तो आपला अपमान समजू नये. उपचार घेऊन पुन्हा यावे.

आरएच निगेटिव्ह गट भारतात विरळ असल्याने त्या गटाच्या दात्यांनी गर्दीच्या शिबिरात रक्त देण्याऐवजी रक्तपेढीत नाव नोंदवून, बोलावणे येईल तेव्हा जाणे अधिक उपयोगाचे ठरते. इतर निरोगी पुरुषांनी मेच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करून ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत रक्तदान केले, तर 90 दिवसांचा नियम पाळला जातो आणि उन्हाळा, पावसाळ्यातील साथी व दिवाळीच्या आसपासचे दिवस हे तिन्ही टंचाईचे काळ आपोआप साधले जातात. स्त्रियांना वर्षातून तीन तारखा मिळतात. त्यांतील एक मे महिन्यातील असावी. शिबिराच्या निमंत्रणाची वाट न पाहता प्रत्येकाने जवळच्या परवानाधारक रक्तपेढीत जाऊन नाव नोंदवावे आणि पुढची तारीख तेथेच ठरवून घ्यावी.