संगणकशास्त्राची पदवी आणि प्रकल्पाचे मोल

१९६३ साली कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आयबीएम १६२० हा संगणक दाखल झाला. तेव्हा यंत्रच दुर्मीळ होते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’मुळे व्याख्याने सर्वदूर पोहोचली, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्याद्वारे पूर्ण करता येतात. प्रकल्पाला मात्र मार्गदर्शक लागतोच. प्रश्न निवडणे, आज्ञावली लिहिणे आणि तिच्यातील चुका शोधणे यांतून कौशल्य घडते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत पदवी हा नियोक्त्याला मिळणारा संकेत होय. विकत घेतलेले प्रकल्प सादर होऊ लागले, की नियोक्ता सर्वच पदव्यांकडे संशयाने पाहतो आणि त्याची किंमत प्रामाणिक विद्यार्थ्याला मोजावी लागते. म्हणूनच प्रत्येक टप्प्यावर प्रकल्प तपासणाऱ्या शिक्षकावरील खर्च ही मनुष्यबळातील मूलभूत गुंतवणूक ठरते.