दालचा, लिंबू आणि सुनेचे ताट

नांदुऱ्यातील एका मोहल्ल्यात सकस आहाराविषयी बोलायला आम्ही प्रथम गेलो, तेव्हा हातात रंगीत तक्ता होता. त्यावर सफरचंद, बदाम, पनीर. एक खाला म्हणाल्या, “बेटा, सफरचंद आम्ही आजारी माणसाला भेटायला जातानाच घेतो.” सगळ्या हसल्या. कापूस वेचून, रेशनवर घर चालवणाऱ्या बायका त्या. त्यांचे खरेच होते.

तक्ता गुंडाळून आम्ही चुलीजवळ बसलो. ज्वारीचे पीठ, तुरीची डाळ, मेथी, शेंगदाणे, सगळे घरात होते. फक्त मेथी चिरल्यावर धुतली जात होती, आणि जीवनसत्त्वे मोरीत जात होती. आधी धुवा, मग चिरा, एवढेच सांगितले.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. डाळ-भाकरीतले लोह अंगी कमीच लागते. ताटात लिंबू पिळले तर जास्त लागते. शिजताना पिळले तर लिंबातले जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते. थोडे गोश्त सोबत असले तरी डाळीचे लोह अधिक शोषले जाते. म्हणजे पावभर गोश्त, अर्धा किलो डाळ आणि दुधी घालून केलेला आपला दालचा हा गरिबाच्या घरचा उत्तम पदार्थ! पण बोट्या पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात संपतात, शेवटी जेवणाऱ्या सुनेला रस्सा उरतो. कुरआनमध्ये हलालसोबत तय्यिबही सांगितले आहे. हलालची चौकशी आपण कसोशीने करतो. सुनेच्या वाट्याला काय आले, हे कोण विचारतो?

बाळांचेही तसेच. सहा महिन्यांनंतर त्यांना डाळीचे नुसते पाणी पाजतात, डाळ पातेल्यात राहते. त्याऐवजी चमच्यावरून न ओघळणारी, कुस्करलेली खिचडी द्यावी, वर थोडे तेल घालून. तीन वर्षांपर्यंतची बालके, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो. तो जरूर आणावा. गरोदरपणात लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात, पण चहाबरोबर नाही.

चहाचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. चहा लोह अडवतो, म्हणून जेवणानंतर तासभर थांबा, असे आम्ही म्हणतो. खाला मान डोलावतात आणि आमच्यासाठीच आधण ठेवतात.